बालाघाटात वासरं विकत घेताना: ऐकीव काय, खरं काय

वारासिवनीपासून लांजीपर्यंतच्या धानपट्ट्यात खरिपाची मळणी आटोपली की छोट्या शेतकऱ्याच्या हातात थोडा पैसा येतो आणि खळ्यावर तणसाचा ढीग उभा राहतो. दोन-चार वासरं आणावीत, वाढवावीत आणि विकावीत, हा विचार अशा वेळी साहजिकच सुचतो. धंदा वाईट नाही. पण त्यात हात पोळतात ते बहुधा बाजारात ऐकलेल्या गोष्टी पारखून न घेतल्यामुळे.

‘वासरू जेवढं लहान तेवढं स्वस्त, आणि तेवढाच नफा जास्त’

सगळ्यात जास्त नुकसान या समजुतीने होतं. गाई-म्हशींच्या पोटात असताना वासराला आईच्या रक्तातली रोगप्रतिकारक द्रव्यं मिळत नाहीत. ती मिळतात फक्त चिकातून. पहिल्या सहा तासांत वासराचं आतडं ती चांगली शोषून घेतं, मग ही क्षमता झपाट्याने कमी होते आणि चोवीस तासांनंतर जवळजवळ संपते. बाजारात उभ्या असलेल्या पंधरा दिवसांच्या वासराला चीक वेळेवर मिळाला का, हे त्याच्याकडे बघून सांगता येत नाही. चीक न मिळालेलं वासरू हगवणीने किंवा न्युमोनियाने दगावण्याचा धोका कितीतरी जास्त असतो.

शिवाय दूध लागतं. पहिल्या काही आठवड्यांत रोज वजनाच्या दहाव्या हिश्शाएवढं, म्हणजे तीस किलोच्या वासराला तीन लिटर. आपल्या डेअरीचा भाव धरून दोन महिन्यांचा हिशेब मांडला की स्वस्तातलं वासरू किती महाग पडतं ते लगेच कळतं. छोट्या शेतकऱ्याने चार महिन्यांच्या पुढचं, दूध सुटलेलं, दाणा-चारा खाऊन रवंथ करणारं वासरूच घ्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे. चार पैसे जास्त गेले तरी चालतील.

सौदा ठरण्याआधी वासराजवळ खाली बसा. बेंबीखाली हात घाला. तिथे गरम, कडक गाठ लागली तर आत पू असू शकतो आणि तो संसर्ग सांध्यांत उतरतो. मग गुडघे चाचपून पाहा, सूज आहे का. शेपटीखाली आणि मागच्या मांड्यांवर शेण वाळून चिकटलंय का ते बघा. वासराला चार पावलं चालवा. दलाल घाई करील, पण ही पाच मिनिटं सोडू नका.

‘घरचं तणीस आहे, वेगळा खर्च कशाला?’

धानाचं तणीस पोट भरतं, अंग भरत नाही. त्यात प्रथिनं जेमतेम तीन-चार टक्के असतात आणि सिलिका भरपूर, त्यामुळे ते पचायलाही जड जातं. मोठा बैल त्यावर दिवस काढतो, पण वाढत्या वासराचं तसं नसतं. शंभर किलो तणसावर चार किलो युरिया सुमारे पन्नास लिटर पाण्यात विरघळवून शिंपडला आणि ते तीन आठवडे झाकून मुरवलं, तर त्याचा कस वाढतो. पण असं तणीस सहा महिन्यांखालच्या वासराला द्यायचं नाही, आणि युरियाचं पाणी तर कोणत्याच जनावराच्या तोंडाशी जाता कामा नये.

साठ किलोची कालवड अडीचशे किलोची करायची आहे असं धरा. संकरित कालवड साधारण त्या वजनाला भरवण्याजोगी होते. वाढवायचं वजन एकशे नव्वद किलो. रोज चारशे ग्रॅम वाढली तर 475 दिवस, म्हणजे सोळा महिने लागतात. नुसत्या तणसावर अडीचशे ग्रॅमच वाढली तर 760 दिवस, म्हणजे दोन वर्षांहून जास्त. मधल्या नऊ-दहा महिन्यांचं राखणं, पाणी आणि औषध आपल्या खिशातून जातं. तेवढ्या पैशात ढेप, तुरीची चुनी, राइस मिलचा कोंडा, खनिज मिश्रण आणि बांधीतल्या तुकड्यावरचं बरसीम सहज येतं. सहा महिन्यांत दामदुप्पट होते असं कुणी सांगितलं, तर त्याच्यापुढे हा हिशेब ठेवा.

‘पोट मोठं, म्हणजे खाऊन-पिऊन सुखी’

बरगड्या दिसतात, केस उभे आणि निस्तेज आहेत, पण पोट घागरीसारखं सुटलंय, असं वासरू बहुतेक वेळा जंतांनी भरलेलं किंवा नुसत्या निकस चाऱ्यावर वाढलेलं असतं. गोलजंताची एक जात तर आईच्या दुधातूनच पिल्लात येते, म्हशीच्या पारडांत ती फार आढळते. म्हणून जंताचं पहिलं औषध पंधरा दिवसांच्या आतबाहेर आणि पुढे सहा महिन्यांपर्यंत वेळोवेळी, पशुवैद्यकाच्या सल्ल्याने द्यावं लागतं.

वजनाचा अंदाजही डोळ्यांनी बांधू नका. खिशात शिंप्याची टेप ठेवा. पुढच्या पायांमागून छातीचा घेर आणि खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंतची लांबी इंचांत मोजा. घेराला घेराने गुणा, मग लांबीने गुणा आणि 660 ने भागा. घेर 48 आणि लांबी 40 असेल तर वजन सुमारे 140 किलो निघतं.

कालवड घेताना एक प्रश्न हमखास विसरतो: ही जुळ्यातली आहे का, आणि सोबतचा गोऱ्हा होता का? तसं असेल तर दहातल्या नऊहून जास्त वेळा ती वांझ निघते. दिसायला ती इतकी देखणी असते की शंकाही येत नाही. अंगावरचे काळे-पांढरे ठिपकेही दुधाची हमी देत नाहीत. आई किती दूध देत होती आणि कोणत्या वळूचं रेतन होतं, हे विचारा.

‘गोऱ्ह्याला आता कोण विचारतो?’

इथे खरं-खोटं दोन्ही आहे. ट्रॅक्टरमुळे बैलांची मागणी घटली, हे खरं. कायद्याचं बंधनही पक्कं आहे: मध्य प्रदेशात 2004 च्या अधिनियमाने गाय, वासरू, वळू आणि बैल या साऱ्या गोवंशाच्या कत्तलीवर बंदी आहे, तर पलीकडे महाराष्ट्रात 2015 पासून बैल आणि वळूही बंदीत आले. म्हणजे गोऱ्ह्याचं गिऱ्हाईक औताचं, गाडीचं किंवा पैदाशीचंच. ते मिळणार असेल तरच घ्या.

पण बालाघाट हा गवळाऊ जातीच्या मुलखाचा भाग आहे. वर्धा, नागपूर, शिवनी, छिंदवाडा आणि बालाघाट हे या पांढऱ्या, चपळ, लांब चेहऱ्याच्या जनावरांचं माहेर. लहान बांध्यांत चिखलणीला हलका आणि झपझप चालणारा बैल अजूनही लागतो. एका उंचीच्या, शिकवलेल्या गवळाऊ गोऱ्ह्यांची चांगली जोडी कुठल्याही दोन सुट्या गोऱ्ह्यांपेक्षा जास्त भाव खाते. ही जात टिकवायची तर अशी जोडी तयार करणारे हात इथे हवेतच.

‘टोचलं की कालवड गाभण राहत नाही’

उलट आहे. सांसर्गिक गर्भपाताची लस मादी वासराला चार ते आठ महिन्यांच्या वयात, आयुष्यात एकदाच देतात, ती पुढे गर्भ टिकावा म्हणूनच. 2019 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात ती आणि लाळ्या-खुरकुताची लस मोफत आहे. घटसर्प आणि फऱ्याची लस पावसाळ्याआधी घ्यावी. कानातल्या बिल्ल्यावरचा बारा आकडी क्रमांक टिपून घ्या, त्यावरून लसीची नोंद तपासता येते. अडल्यास 1962 वर फोन करून फिरत्या पशुचिकित्सा पथकाची मदत मागता येते.

नवं वासरू थेट घरच्या जनावरांत सोडू नका. तीन आठवडे वेगळं बांधा आणि गोचीड काढा, कारण संकरित वासरांना गोचीडतापाचा धोका फार असतो. गाडीतून आणताना खरेदीची पावती आणि पशुवैद्यकाचा प्रवासयोग्यतेचा दाखला जवळ असू द्या. 1978 च्या जनावर-वाहतूक नियमांत हा दाखला सांगितलेला आहे. आणि गोंदियाच्या बाजूने आणायचं किंवा तिकडे विकायचं असेल, तर राज्याची सीमा ओलांडण्याची परवानगी कोण देतं, ते तहसील कार्यालयात आणि पशुचिकित्सालयात आधी विचारून घ्या.