साजातला मासा पडद्यावर

कोल्हापुरी साजाला रूढीने २१ पानं, म्हणजे निरनिराळ्या आकारांची पदकं. ती मी संगणकावर घडवते. चंद्र सोपा, बेलपानही. मासा मात्र दमवतो.

झेडब्रश या शिल्पकामाच्या सॉफ्टवेअरमध्ये सुरुवात गोळ्यापासूनच. सिमेट्री लावली की डावीकडचं काम उजवीकडे आपोआप उमटतं. अंग ओढून लांबवलं की पृष्ठभागाची जाळी ताणली जाते, तपशील धरत नाही. मग डायनामेश या सोयीने ती पुन्हा एकसारखी करायची. खवले एकेक कोरत बसणं म्हणजे वेडेपणा. एका खवल्याचं काळंपांढरं चित्र, म्हणजे अल्फा, ब्रशला जोडायचं: पांढरं तेवढं उठतं, काळं सपाट राहतं. कल्ल्याची रेघ मात्र मी हातानेच ओढते. तिथेही अल्फा लावला तर मासा निर्जीव होतो.

खरी मेख पुढेच. पडद्यावर मासा हवा तेवढा मोठा, गळ्यात नखाएवढा. बारीक रेघा ओतकामात बुजतात, उरल्यासुरल्या पॉलिशमध्ये जातात. म्हणून उठाव जरा भडकच ठेवायचा. पाठ पोकळ करायची, नाहीतर सोन्याच्या या भावात गिऱ्हाईक पाठ फिरवतं! मग मेणयुक्त रेझिनमध्ये छपाई, भोवती प्लास्टरचा साचा. भट्टीत रेझिन जळून गेलं की त्या पोकळीत धातू ओततात. धातू थंड होताना आकसतो, त्या हिशेबाने मासा आधीच किंचित मोठा करावा लागतो. वरची कडी मी करत नाही, ती सोनार डाग देऊन जोडतो.