आमच्या पद्मिनीचे ‘पिकअप’

अण्णांनी मोटारीसाठी नाव नोंदवले तेव्हा मी कॉलेजात होतो, आणि मोटार दारात आली तेव्हा माझ्या लग्नाच्या याद्या चालल्या होत्या. यात अतिशयोक्ती अगदी थोडी. तेव्हा मोटार दुकानात जाऊन आणायची वस्तू नव्हतीच. पैसे भरायचे, पावती देवापुढे ठेवायची नि वाट पाहायची. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून १९६४ पासून जी ‘फियाट ११०० डिलाइट’ निघत होती, तिचेच १९७४ मध्ये ‘प्रीमियर पद्मिनी’ असे बारसे झाले. त्या पद्मिनींपैकी एक, फिक्या निळ्या रंगाची, १९७९ साली पुण्याला आमच्या वाड्यात आली. आईने तिला ओवाळले. अण्णांनी पहिल्या दिवशी लक्ष्मी रोडवरून ताशी पंधरा किलोमीटरच्या वेगाने मिरवणूक काढली, आणि मागच्या सायकलवाल्यांनी आम्हांला घंटा वाजवून बाजूला व्हायला लावले!

गाडी गुणी होती. ६८ मिलिमीटर व्यासाची चार सिलिंडरे, ७५ मिलिमीटरचा पिस्टनचा पल्ला, सारे मिळून १०८९ घनसेंटिमीटरचे इंजिन. शक्ती चाळीस अश्वांच्या आसपास, वजन नऊशे किलोच्या घरात. त्यात पुढच्या सलग बाकावर तीन, मागे चार, आणि टपावर गाद्या. एवढा संसार घेऊन ती कात्रजचा घाट चढे, पण कशी? आजीबाई पर्वती चढतात तशी. मागच्या एस.टी.ने आम्हांला ओलांडले की माझ्या जिवाची लाही होई.

१९८५ साली अण्णांचे डोळे अधू झाले आणि गाडीची किल्ली माझ्या हाती आली. त्याच सुमारास मला उस्ताद भेटले. त्यांनी तरुणपणी मद्रासजवळच्या शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवरील शर्यतींसाठी गाड्या तयार केल्या होत्या. तेथे आमच्यासारख्याच चार दारांच्या फियाटी अशा काही पळत, की त्यांच्या मालकांनाही त्या ओळखू येत नसत! उस्तादांनी आमच्या गाडीचे बॉनेट उघडले, कान लावून ऐकले आणि म्हणाले, “साहेब, इंजिन झोपलंय. जागं करू?”

मी म्हटले, “करा!” येथेच माझे चुकले. किती जागे करायचे, हे विचारायला हवे होते.

इंजिन म्हणजे शेवटी हवेचा पंपच. जितकी हवा आत घ्याल तितके पेट्रोल जाळता येते, आणि जितके नीट जाळाल तितकी शक्ती. म्हणून उस्तादांनी प्रथम सिलिंडरचे हेड उतरवले. कारखान्याच्या ओतकामात हवेच्या वाटांना कडा आणि खडबडीतपणा राहिलेला असतो. तो त्यांनी चार रात्री बसून हाताने घासून काढला. मग हेडचा तळ मशीनवर किंचित उतरवून घेतला, म्हणजे हवा अधिक दाबली जाते. हे किती नाजूक काम आहे ते सांगतो. आमच्या एका सिलिंडरात २७२ घनसेंटिमीटर हवा येते. ती सातास एक या प्रमाणात दाबायची तर वर सुमारे ४५ घनसेंटिमीटरची पोकळी लागते, आणि आठास एक दाबायची तर ३९ ची. फरक साडेसहा घनसेंटिमीटरचा, म्हणजे चहाचा सव्वा चमचा! उस्तादांनी इंजेक्शनच्या पिचकारीने तेल भरभरून चारही पोकळ्या मोजल्या. तेव्हाचे पेट्रोल आजच्याइतक्या ऑक्टेनचे नव्हते. दाब जरा जास्त झाला की पेट्रोल वेळेआधी भडकून इंजिनात खडखडाट होई. म्हणून ते आठाच्या पुढे गेले नाहीत.

एवढ्यावर थांबलो असतो तर हा लेख लिहिण्याचे कारणच पडले नसते. पण मला दुखणे जडले होते. उस्तादांकडे शर्यतीतला एक कॅमशाफ्ट कापडात गुंडाळून ठेवलेला होता, आणि दोन मोठे कार्ब्युरेटरही. मी हट्टच धरला. उस्ताद म्हणाले, “साहेब, हा बाजारात जायचा घोडा नाही.” मी ऐकले नाही. सौ.ने शिलाईयंत्रासाठी बाजूला काढलेले पैसे त्यात गेले. हे मी तिला बरेच उशिरा सांगितले, आणि ती गोष्ट मला अजूनही ऐकावी लागते.

गाडी बाहेर आली तेव्हा मी वेडा झालो. तीन हजार फेऱ्यांच्या वर इंजिन गेले की गाडी अशी झेप घेई, की सलग बाकावरचा माणूस मागे रेटला जाई. सोलापूर रस्त्यावर एक ट्रक, दोन ट्रक, एस.टी.—सगळी देणी मी व्याजासह फेडली.

पण तीन हजारांच्या खाली? तेथे आमच्या घरात हलकल्लोळ होता. शर्यतीच्या कॅमने व्हॉल्व लवकर उघडतात आणि उशिरा मिटतात. इंजिन वेगात असेल तर आत घुसणाऱ्या हवेच्या झोताला त्याचा फायदा मिळतो. पण इंजिन सावकाश चालत असेल तर तीच हवा आलेल्या वाटेने परत फिरते. मोठ्या कार्ब्युरेटरचेही तसेच. त्याच्या गळ्यातून हवा जोराने वाहिली तरच पेट्रोल बारीक फवाऱ्याने ओढले जाते. मंडईच्या गर्दीत कसला जोर? गाडी चौकात उभी राहिली की उचक्या देई आणि बंद पडे. सकाळी चोक ओढून ओढून अंगठा दुखे. लिटरला बारा किलोमीटर जाणारी गाडी आठावर आली. आणि आवाज! शेजारचे पेन्शनर गृहस्थ मला सकाळी विचारीत, “काय, विमान सुटलं का?” सौ. मुलीला बालवाडीत सोडायला रिक्षाने जाऊ लागली. दारात मोटार असून रिक्षा! पण मी त्यालाही ‘थोडी सवय व्हायची आहे’ असे म्हणत होतो.

मे १९८६ मध्ये आम्ही महाबळेश्वरला गेलो. आई, सौ., चार वर्षांची मुलगी आणि माझे मेहुणे. मेहुणे पुढे माझ्या शेजारी बसलेले, हे ध्यानात ठेवा, कारण पुढच्या सर्व प्रकाराचे मूळ तेथे आहे. परतताना पाचगणीहून वाईकडे उतरणारा पसरणीचा घाट लागतो. दहा-बारा किलोमीटरची उतरण, वळणावर वळण. मला मेहुण्यांना गाडी दाखवायची होती. प्रत्येक सरळ तुकड्यावर झेप, आणि प्रत्येक वळणाच्या तोंडाशी ब्रेक. झेप, ब्रेक. झेप, ब्रेक. मेहुणे “वा!” म्हणत होते. आई मागे काही बोलत नव्हती.

निम्म्या घाटात ब्रेकचे पायताण एकदम खोल गेले. पुन्हा दाबले, तर अधिकच खोल. खाली वळण, वळणापलीकडे मोकळे आभाळ.

का झाले ते आज मी शांतपणे सांगू शकतो. वेग साठावरून ऐंशीवर गेला की तो एक-तृतीयांशाने वाढतो, पण गाडीतली ऊर्जा जवळजवळ पावणेदोनपट होते, आणि ती सारी ब्रेकला उष्णता म्हणून पचवावी लागते. आमच्या गाडीला चारही चाकांना बंद डब्यांचे ड्रम ब्रेक. तापले की ड्रम फुगून आतल्या शूपासून दूर जातो, लायनरची पकड सुटते. त्यात ब्रेकचे तेल हवेतला ओलावा शोषते. नवे कोरे तेल २०५ अंशांना उकळत असेल, तर ओल धरलेले १४० अंशांनाही उकळू लागते. उकळले की नळीत वाफ होते, आणि वाफ दाबली की नुसती दबते, चाकाला थांबवीत नाही. आमच्या गाडीतले तेल किती जुने होते? मला ठाऊक नव्हते. इंजिनवर मी हजारो रुपये खर्चले होते. ब्रेकच्या तेलाची बाटली बदलायची मला आठवण झाली नव्हती.

त्या वेळी यातले काही सुचले नाही. हात आपोआप चालले. गिअर दुसऱ्यात ओढला, इंजिन किंचाळले, हँडब्रेक खेचला, आणि डोंगराकडच्या गटारात दोन चाके घातली. दगडमाती घासत, डावीउजवीकडे हेलपाटत गाडी वळणाच्या अलीकडे वीस-पंचवीस पावलांवर उभी राहिली. चाकांतून धूर येत होता. मुलगी रडू लागली. आईने तिला कडेवर घेतले, खाली उतरली आणि काही न बोलता वाईच्या दिशेने चालू लागली. मागून आलेल्या एस.टी.ला तिनेच हात केला.

पुण्याला पोचल्यावरही ती मला रागावली नाही. एवढेच म्हणाली, “तुझ्या मोटारीत मी आता बसायची नाही.” अण्णांनी हकीकत ऐकली आणि विचारले, “गाडी नीट आहे ना?” मग बराच वेळ थांबून, “तू थांबायला शिकला नाहीस अजून.” ब्रेकबद्दल म्हणाले की माझ्याबद्दल, ते मी विचारले नाही.

त्या पावसाळ्यात गाडी झाकून ठेवली आणि मी ब्रिटिश लायब्ररीत जाऊन जुनी मोटारमासिके चाळू लागलो. माझ्यासारखे शहाणे विलायतेतही होऊन गेल्याचे तेथे कळले. फक्त ते अधिक शिकलेले होते. १९६१ साली जॉन कूपरने चिमुकल्या ‘मिनी’ला वेगवान केले. ८४८ घनसेंटिमीटरचे ३४ अश्वशक्तीचे इंजिन ९९७ चे नि ५५ अश्वशक्तीचे झाले. पण त्याच गाडीला पुढच्या चाकांना डिस्क ब्रेकही बसवले. हा ‘पण’ मी विसरलो होतो. ती मिनी कूपर कारखान्याच्या दारातून विकली गेली, बायाबापड्यांनी तिच्यातून बाजारहाट केला, आणि तिच्याच थोरल्या बहिणीने १९६४ मध्ये माँटे कार्लोची रॅली जिंकली. १९६३ च्या ‘लोटस कॉर्टिना’ची कथा तर माझ्या जखमेवरच बोट ठेवणारी. साधी फोर्डची घरगुती गाडी घेऊन तिला १०५ अश्वशक्तीचे इंजिन आणि मागच्या चाकांना शर्यतीची नाजूक जोडणी दिली. जिम क्लार्क तिच्यावर १९६४ चे ब्रिटिश विजेतेपद मिळवून गेला. पण रोजच्या रस्त्यांवर ती जोडणी कुरकुरू लागली, आणि १९६५ मध्ये कंपनीने मुकाट्याने साध्या पाट्यांच्या स्प्रिंगा परत बसवल्या. एवढ्या मोठ्या माणसांनी पाऊल मागे घेतले, मग मला कसली लाज?

उस्तादांकडे गेलो. त्यांनी हसण्याची संधी सोडली नाही, पण “मी सांगितलं होतं” असे मात्र म्हणाले नाहीत. शर्यतीचा कॅम पुन्हा कापडात गेला, मूळचा आत आला. दोन्ही मोठे कार्ब्युरेटर उतरले. मूळचाच एक, नीट साफ करून, जेट अर्ध्या मापाने वाढवून बसवला. घासलेले हेड मात्र तसेच ठेवले, कारण गुळगुळीत वाटेचा फायदा हळू चालतानाही मिळतो. एक्झॉस्टची नळी एकाच मापाने मोठी केली. फार मोठी केली तर खालची ओढ जाते, हे आता मला कळत होते. टायमिंग उस्तादांनी बाणेरच्या चढावर गाडी नेऊन कानाने बांधले. उरलेले पैसे सगळे खाली गेले: नवे लायनर, ड्रमना मशीनवर फेस, सर्व रबरी नळ्या, ताजे तेल, चारही शॉक अॅब्सॉर्बर आणि रेडियल टायर. खर्च इंजिनाहून अधिक झाला, आणि बॉनेट उघडून कोणाला दाखवण्यासारखे त्यात काही नव्हते.

माझ्या वहीत त्या दिवसांचे आकडे आहेत. उभ्या गाडीने साठचा वेग गाठायला पूर्वी मनगटी घड्याळात अकरा सेकंद लागत, शर्यतीच्या थाटात आठ, नि आता साडेनऊ. अॅव्हरेज पुन्हा बारा. मंडईत एकदाही बंद नाही. कात्रजचा घाट तिसऱ्या गिअरात. एस.टी. आम्हांला ओलांडीत नव्हती, आणि आम्हीही तिला उगीच ओलांडीत नव्हतो.

आज कोणाचे हात असेच शिवशिवत असतील तर एक सांगून ठेवतो. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे, नोंदणीपुस्तकातील तपशील मूळ उत्पादकाने दिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ च्या जानेवारीत ते स्पष्ट केले आहे. तेव्हा मोठे इंजिन, निराळा सांगाडा असले मनसुबे कागद पाहिल्याशिवाय रचू नका. ब्रेकचे तेल मात्र दोन वर्षांनी बदला, त्याला कोणाची परवानगी लागत नाही!

आई दीड वर्ष आमच्या मोटारीत बसली नाही. लग्नामुंजीला रिक्षाने जाई, आणि आम्ही मागून मोटारीने. १९८७ च्या दिवाळीत तिच्या धाकट्या बहिणीचा पाचगणीहून निरोप आला, बरे नाही, येऊन जा. एस.टी.ला गर्दी होती. आईने सकाळी पिशवी भरली, बाहेर आली, गाडीभोवती एक फेरी मारली आणि मागचे दार उघडून बसली. “पन्नासच्या वर नको,” एवढेच म्हणाली.

मावशीला भेटून संध्याकाळी परत निघालो. पसरणीच्या घाटाच्या तोंडाशीच मी गाडी दुसऱ्या गिअरात टाकली आणि पाय ब्रेकवरून बाजूला ठेवला. इंजिन गुरगुरत गाडीला धरून होते. वळणाआधी जरासा ब्रेक, पुन्हा सोडला. ते गटार आले. मी तिकडे पाहिले नाही; आरशात पाहिले, तर आई खिडकीतून तिकडेच पाहत होती. मुलगी तिच्या मांडीवर झोपली होती.

गटार मागे पडले. मी आणखी हळू केली. मागे एका ट्रकने हॉर्न दिला, मग पुन्हा दिला, मग धरूनच ठेवला.

“अरे, आता जरा चालव की,” आई म्हणाली. “तो बिचारा किती वेळ मागे अडकलाय!”