काम झालं की गळून पडणारं कवच
औषध शरीरात शिरतं तेव्हा : लेखांक ७

प्रथिनांची औषधं गुणकारी असूनही शरीरात फार काळ टिकत नाहीत, हे आपण गेल्या आठवड्यात पाहिलं. लहान रेणू मूत्रपिंडांतून गाळले जातात आणि उरलेल्यांचे विकरं तुकडे पाडतात. त्यावरचा पहिला मोठा उपाय अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठात फ्रँक डेव्हिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये मांडला. प्रथिनाला पॉलिएथिलीन ग्लायकॉल, म्हणजेच ‘पेग’, या पॉलिमरची लांब साखळी जोडायची. ही साखळी भोवती पाणी धरून ठेवते. त्यामुळे रेणू फुगतो, मूत्रपिंडातून सहज निसटत नाही आणि विकरांनाही प्रथिनापर्यंत पोचणं जड जातं. केमोथेरपीनंतर पांढऱ्या पेशी वाढवणारं फिलग्रास्टिम रोज टोचावं लागतं. पेग जोडलेलं फिलग्रास्टिम केमोच्या एका फेरीला एकदाच पुरतं.

पण पेगला दोन मर्यादा आहेत. शरीराला त्याचं विघटन करता येत नाही. शिवाय विकरांना अडवणारी साखळी प्रथिनाच्याही कामाच्या आड येते आणि त्याचा जोर कमी होतो.

ब्रिटनमधल्या कार्डिफ विद्यापीठात रूथ डंकन यांच्या गटाने यावर वेगळा विचार केला. कवच घालायचं, पण शरीरालाच उतरवता येईल असं. त्यांनी निवडलेला पॉलिमर होता डेक्स्ट्रिन. तो स्टार्चपासून मिळतो आणि त्याला तोडणारं अमायलेज हे विकर आपल्या लाळेत असतं. भात बराच वेळ चावला की गोडसर लागतो तो याच विकरामुळे. अमायलेज रक्तात असतं आणि जखमेतून पाझरणाऱ्या द्रवातही असतं.

या कल्पनेचा जखमेसाठी कसा उपयोग झाला ते पाहू. त्यासाठी आधी एका प्रथिनाची ओळख हवी. शास्त्रज्ञ स्टॅन्ली कोहेन यांनी उंदराच्या लाळग्रंथीचा अर्क नवजात पिल्लांना टोचला, तेव्हा एरवी बाराव्या-चौदाव्या दिवशी उघडणारे त्यांचे डोळे सातव्या दिवसाच्या सुमारासच उघडले. त्या अर्कातलं प्रथिन म्हणजे ईजीएफ. त्वचेच्या पेशींना ‘वाढा, पुढे सरका’ असा निरोप देणारं. या शोधमालिकेसाठी कोहेन यांना १९८६ चं नोबेल विभागून मिळालं.

जखम भरायला याहून योग्य रेणू कोणता? अडचण एकच. चिघळलेल्या जखमेत पांढऱ्या पेशींनी सोडलेलं इलास्टेज हे विकर भरपूर असतं आणि ते ईजीएफची चिरफाड करतं. कार्डिफच्या गटाने डेक्स्ट्रिनवर सक्सिनिक आम्लाचे गट बसवले आणि त्यांच्या आधाराने ते ईजीएफला जोडलं. माणसाच्या ईजीएफमध्ये अमिनो आम्लं ५३, त्यांपैकी अशा जोडणीला सोयीची लायसीन फक्त दोन. म्हणजे जागा मोजक्याच. तयार झालेला जोडरेणू इलास्टेजसमोर टिकला, मात्र कवच असेतोवर त्याचं काम मंद होतं. अमायलेज आलं, डेक्स्ट्रिनचे तुकडे होऊ लागले, तसा ईजीएफचा जोर परतला. डेक्स्ट्रिनवर सक्सिनिक गट जितके जास्त, तितकं त्याचं विघटन सावकाश. म्हणजे औषध किती वेगाने मोकळं व्हावं, हे बनवतानाच ठरवता येतं. मधुमेही उंदरांच्या जखमांवर हा जोडरेणू लावल्यावर त्या लवकर भरल्या.

मला या कामाचं मोल वाटतं ते यासाठी की, इथे शरीराच्या पचनशक्तीशी झगडा नाही. तिचाच वापर करून घेतला आहे. पॉलिमर निवडताना तो किती टिकतो यापेक्षा तो नेमका कुठे आणि कशाने तुटतो, हा प्रश्न आधी विचारायला हवा.

कवच नसलेलं ईजीएफ आज उपचारात आहे. हैदराबादच्या भारत बायोटेकचं जेल जखमेवर लावतात, तर क्युबात ईजीएफ थेट जखमेत टोचलं जातं. डेक्स्ट्रिनचं कवच घातलेलं ईजीएफ मात्र अजून औषधाच्या दुकानात आलेलं नाही.

मधुमेहात जखमा लवकर भरत नाहीत, तेव्हा तोवर त्या वेळीच ओळखणं हेच आपल्या हाती आहे. म्हणून घरात कुणाला मधुमेह असेल, तर रोज रात्री त्यांचे तळपाय आणि बोटांमधल्या बेचक्या उजेडात नीट पाहा. मधुमेहाने संवेदना गेलेल्या पायाला जखम झाल्याचं कळत नाही. साधी चीर किंवा फोड दिसला, तरी दुखत नाही म्हणून थांबू नका. डॉक्टरांना लगेच दाखवा.