अतिरिक्त कार्यभार

सरकारी सेवेत ‘अतिरिक्त कार्यभार’ हे शब्द मी किती आदेशांत वापरले असतील, याची मोजदाद आता शक्य नाही. त्यांपैकी एक आदेश मात्र निवृत्तीनंतरही मनातून जात नाही. मी जिल्हाधिकारी असताना माध्यमिक शाळांत विद्यार्थ्यांचे समुपदेशन सुरू करावे, अशी सूचना वरून आली. पदे नव्हती, निधीची तरतूद नव्हती. प्रत्येक शाळेतील एका शिक्षकाकडे हे काम मूळ कामासह सोपवावे, अशी टिप्पणी कार्यालयाने सादर केली आणि मी तिच्यावर स्वाक्षरी केली. सहा-सात महिन्यांनी एका शाळेच्या तपासणीत मी समुपदेशन कक्ष दाखवायला सांगितला. किल्ली शोधण्यातच पंधरा मिनिटे गेली. आत जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे आणि मोडकी बाके होती. नोंदवही मात्र अद्ययावत होती. दर आठवड्याला चार नावे, प्रत्येकापुढे ‘समुपदेशन केले’ हाच शेरा, आणि पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत एकच शाई.

मी मुख्याध्यापकांना सुनावले आणि पुढच्या गावी निघालो. पुढील वर्षी निकालाच्या आठवड्यात त्याच शाळेतील अकरावीच्या एका मुलाने आपले आयुष्य संपवले. मी ती नोंदवही पुन्हा मागवली. त्याचे नाव तिच्यात दोनदा होते.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली. म्हणजे दिवसाला सरासरी पस्तीसहून अधिक. वृत्तपत्रांत यांतील कोटाची नावे येतात, इतर बहुतेक येत नाहीत. बंगळुरूच्या ‘निम्हान्स’ने केलेल्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटातील ७.३ टक्के मुलांमध्ये मानसिक विकार आढळले होते. साठ मुलांच्या वर्गात अशी चार मुले बसलेली असतात. त्याच सर्वेक्षणाच्या सुमारास देशात लाख लोकसंख्येमागे एक मानसोपचारतज्ज्ञही नव्हता.

योजनांची वाण आपल्याकडे कधीच नव्हती. २०२० मध्ये शिक्षण मंत्रालयाने ‘मनोदर्पण’ सुरू केले. शालेय आरोग्य कार्यक्रमात प्रत्येक शाळेतील दोन शिक्षकांना आरोग्यदूत नेमायचे ठरले. २०२२ च्या ऑक्टोबरात ‘टेली-मानस’ची १४४१६ ही दूरध्वनी सेवा आली. पुढच्याच महिन्यात जाहीर झालेल्या राष्ट्रीय आत्महत्या प्रतिबंध धोरणाने २०३० पर्यंत आत्महत्यांमुळे होणारे मृत्यू दहा टक्क्यांनी कमी करण्याचे लक्ष्य ठेवले. दूरध्वनी सेवेचे मोल मी कमी लेखत नाही. मध्यरात्री तिचाच आधार असतो. पण शाळेच्या आवारात मुलाने कोणाकडे जावे, या प्रश्नाला आपले उत्तर बहुधा ‘शिक्षकाकडे’ असेच राहिले आहे. मी दिलेले उत्तरही तेच होते.

ते उत्तर तपासून पाहिले गेले आहे, आणि तेही बिहारमध्ये. २०१५-१६ च्या शैक्षणिक वर्षात गोव्यातील ‘संगाथ’ या संस्थेने नालंदा जिल्ह्यातील ७४ सरकारी माध्यमिक शाळांत ‘सेहर’ नावाचा प्रयोग केला. शाळांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे तीन गट पाडले. एका गटात कार्यक्रम चालवायला मानसशास्त्राची पदवी नसलेले, पण या कामाचे प्रशिक्षण दिलेले पूर्णवेळ ‘सेहर मित्र’ नेमले. दुसऱ्या गटात तोच कार्यक्रम शाळेतील शिक्षकाकडे दिला. तिसऱ्यात नेहमीचाच अभ्यासक्रम चालू राहिला. कार्यक्रमात जगावेगळे काही नव्हते: भित्तिपत्रक, मुलांनी मनातले लिहून टाकायची पेटी, नववीच्या मुलांचे गट, दादागिरीविरुद्ध शाळेचे धोरण, आणि गरज असेल त्याच्याशी एकट्याने बोलणे. निष्कर्ष २०१८ च्या अखेरीस ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. सेहर मित्रांच्या शाळांत वातावरण स्पष्टपणे सुधारले. नैराश्याची लक्षणे, दादागिरी आणि हिंसा कमी झाली. शिक्षकांकडे काम दिलेल्या शाळांत आणि काहीच न केलेल्या शाळांत मात्र लक्षणीय फरक दिसला नाही.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला या जिल्ह्याचे नाव वाचून थांबावेच लागते. सातव्या शतकात नालंदा महाविहारात राहिलेल्या ह्युएन त्सांगने लिहून ठेवले आहे की, बाहेरून येणाऱ्यांना द्वारावरचे पंडित अवघड प्रश्न विचारीत आणि दहांपैकी सात-आठ जण तेथूनच परत फिरत. त्या परतलेल्यांचे पुढे काय झाले, हे कोणत्याही प्रवाशाने नोंदवलेले नाही. प्रवेश मिळालेल्यांचाच इतिहास लिहिण्याची सवय आपल्याला फार जुनी आहे.

शिक्षक अपयशी का ठरले? यात त्यांची अनास्था शोधणे सोयीचे, पण अन्यायाचे आहे. त्या मुलाच्या मृत्यूनंतर मी शाळेतील संबंधित शिक्षकांना बोलावले होते. गणिताचे शिक्षक, पाच वर्ग, शिवाय मतदार याद्यांचे काम. ते म्हणाले, “साहेब, ज्याला मी सकाळी सगळ्या वर्गासमोर गणितात नापास ठरवतो, तो दुपारी माझ्यासमोर मन कसे मोकळे करील?” माझ्याकडे उत्तर नव्हते. देशात आजही एक लाखाहून अधिक शाळा एकशिक्षकी आहेत. तेथे तर परीक्षक, लेखनिक आणि आधार हे तिघेही एकच व्यक्ती असतात.

सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी विशाखापट्टणममधील एका १७ वर्षीय विद्यार्थिनीच्या मृत्यूच्या प्रकरणात पंधरा मार्गदर्शक सूचना दिल्या. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेने किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा. लहान संस्थांनी बाहेरील तज्ज्ञांशी रीतसर जोडणी करावी. सर्व कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा प्रशिक्षण द्यावे. गुणांनुसार तुकड्या पाडू नयेत. कायदा होईपर्यंत या सूचना बंधनकारक आहेत. निकाल स्वागतार्ह आहे. माझी धास्ती ‘पात्र’ या शब्दाचा अर्थ आपली सचिवालये कसा लावतील याविषयी आहे. पदव्युत्तर पदवीचा आग्रह धरला, तर दुर्गम तालुक्यांत पदे वर्षानुवर्षे रिक्त राहतील आणि अखेरीस कोणीतरी अधिकारी माझ्यासारखीच स्वाक्षरी करील. न्यायालयाने बाल व किशोर मानसिक आरोग्याच्या प्रशिक्षणावर भर दिला आहे. त्याच चौकटीत स्थानिक पदवीधरांना प्रशिक्षण देऊन, दोन-तीन छोट्या शाळांमागे एक अशा पद्धतीने पूर्णवेळ नेमता येईल. गंभीर प्रकरणे त्यांनी जिल्हा रुग्णालयाकडे पाठवावीत आणि त्यांच्यावर मानसशास्त्रज्ञाची देखरेख असावी. त्यांच्या हाती गुणपत्रिका नसावी, एवढी अट मी आवर्जून घालीन.

खर्च होईल, आणि तो अर्थसंकल्पात स्वतंत्र लेखाशीर्षाखाली दिसला पाहिजे. विधिमंडळातील सदस्यांनी शिक्षणमंत्र्यांना विचारावे, की समुपदेशकांची मंजूर पदे किती, भरलेली किती, आणि त्यांतील किती जणांकडे मूळ काम दुसरेच आहे. उत्तरादाखल समुपदेशन झालेल्या विद्यार्थ्यांची संख्या सांगितली गेली, तर त्यांनी नोंदवही मागवून तिची शाईही पाहावी.