म्हातारा, जुना की थोरला?

इंग्रज माणूस शब्दांच्या बाबतीत मोठा काटकसरी! त्याचा कोट ‘ओल्ड’, कुत्रा ‘ओल्ड’, आजोबा ‘ओल्ड’ आणि रोममधले पडके देऊळही ‘ओल्ड’च. एवढेच कशाला, नुकते बोबडे बोलू लागलेले पोरसुद्धा त्याच्या हिशेबी ‘तीन वर्षांचे ओल्ड’! आपण मात्र कोटाला जुना, कुत्र्याला म्हातारा, आजोबांना वयोवृद्ध आणि देवळाला प्राचीन म्हणतो. स्पॅनिश भाषेची रीत या बाबतीत आपल्यासारखी आहे. मी पुण्यात स्पॅनिश शिकवतो, आणि तरीही या ‘ओल्ड’पाशी भलेभले विद्यार्थी अडखळताना पाहतो. कारण एकच. ते इंग्रजीच्या खिडकीतून स्पॅनिशकडे पाहतात.

शब्दकोशात ‘ओल्ड’समोर पहिला शब्द सापडतो तो ‘विएहो’. वस्तूंना तो खुशाल लावावा. माणसांना लावताना मात्र जपून! परक्या वृद्धाला तोंडावर ‘विएहो’ म्हणणे म्हणजे ‘अहो म्हातारबुवा’ म्हणण्यासारखेच. गंमत अशी, की अर्जेंटिनात मुलगा आपल्या बापाला जिव्हाळ्याने ‘मी विएहो’, म्हणजे ‘आमचा म्हातारा’ म्हणतो, आणि त्यात कोणाला वावगे वाटत नाही. घरच्याने म्हटले तर माया, परक्याने म्हटले तर अपमान. हा न्याय आपल्याकडेही आहेच की!

मग वडीलधाऱ्यांना म्हणावे काय? त्यासाठी शब्द आहे ‘मायोर’. त्याचा मूळ अर्थ ‘अधिक मोठा’. थोरल्या भावालाही हाच शब्द. आपल्या ‘थोरल्या’त जसा ‘थोर’ दडला आहे, तसाच ‘मायोर’मध्ये लॅटिन भाषेतला मोठेपणा. ‘आन्सियानो’ हाही वृद्धासाठीचा सभ्य शब्द. पण त्यात थकलेले, वाकलेले म्हातारपण डोकावते.

गेल्या वर्षी माझ्या वर्गातल्या एका मुलीने स्पेनमध्ये वृद्धांच्या देखभालीच्या नोकरीसाठी अर्ज लिहिला. ‘वृद्धांची सेवा करणे मला आवडते’ असे तिला म्हणायचे होते. तिने लिहिले ‘विएहोस’. व्याकरण चोख, हेतू चांगला. पण ज्यांच्या उशापायथ्याशी बसायचे, त्यांनाच अर्जात म्हातारेकोतारे म्हटलेले! आम्ही तो शब्द खोडून ‘पेर्सोनास मायोरेस’, म्हणजे ‘वडीलधारी माणसे’ असे घातले. एका शब्दाने साऱ्या अर्जाचा सूर पालटला.

तिसरा शब्द ‘आंतीग्वो’. तो नामानंतर आला तर ‘पुरातन’; नामाआधी आला तर बहुधा ‘पूर्वीचा’, ‘माजी’. ग्वातेमालाची राजधानी १७७३ च्या भूकंपांत उद्ध्वस्त झाली. राजधानी दुसरीकडे हलली आणि मागे उरलेल्या शहराला ‘ला आंतीग्वा’ हे नाव पडले. ते आजही नांदते आहे, पण नावाने ‘पूर्वीचे’च राहिले! उलट क्यूबाच्या हवाना शहराचा जुना भाग ‘हवाना विएहा’ म्हणवतो. १९८२ मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारशात स्थान दिले. शहर तेच, राजधानीही तीच. फक्त भाग जुना.

जागा बदलली की अर्थ बदलतो, हे ‘विएहो’च्या बाबतीतही खरे. ‘विएहो अमीगो’ म्हणजे जुना मित्र, मग तो पंचविशीतला का असेना. ‘अमीगो विएहो’ म्हणजे वयाने म्हातारा मित्र.

हेमिंग्वेची क्यूबातल्या वृद्ध कोळ्याची कादंबरिका १९५२ मध्ये निघाली. तिच्या इंग्रजी नावातल्या ‘ओल्ड मॅन’ला स्पॅनिशमध्ये नुसते ‘एल विएहो’ पुरले. पु. ल. देशपांड्यांनी तिला मराठीत ‘एका कोळियाने’ म्हटले आणि म्हातारपणाचा शब्द नावातून गाळूनच टाकला. योग्य विशेषण निवडणे ही जशी कला, तसे ते वेळीच सोडणे हीही कलाच!

म्हणून वाचकहो, कधी स्पॅनिश शिकायला बसलात, तर ‘ओल्ड’ दिसताच शब्दकोशाकडे धावू नका. आधी स्वतःला मराठीत विचारा: म्हातारा, जुना, प्राचीन, माजी, की थोरला? मनातल्या मनात हे उत्तर मिळाले, की निम्मे काम झाले. आपली भाषा हा फरक पिढ्यान्‌पिढ्या करीत आली आहे. दुसऱ्याच्या घरी जाताना घरची शिदोरी विसरू नये, एवढेच!