गच्चीचा वापर आणि आगीपासून बचाव

स्मरणिकेसाठी काहीतरी उपयोगी लिहावे असे संपादक मंडळाने सुचविले आणि मी हा विषय सांगितला, तेव्हा दोघे-तिघे हसले. "उंच इमारती मुंबई-पुण्याला. अर्धापुरात कशाला हवी गच्चीची चर्चा?" असा त्यांचा प्रश्न होता. प्रश्न गैर नाही. आपले गाव केळीच्या बागांचे. परंतु नांदेडच्या रस्त्याने जाताना दोन्ही अंगांना नजर टाकली तर तीन-चार मजल्यांच्या इमारती दिसू लागतात. आपल्यापैकी अनेकांची मुले नांदेडला किंवा लातूरला शिकण्यासाठी खोली घेऊन राहतात. नोकरीनिमित्त मुंबई, ठाणे, पुण्याला गेलेली कुटुंबे तर सातव्या-आठव्या मजल्यावर राहतात. तेव्हा हा विषय दूरचा राहिलेला नाही.

शिवाय गच्ची आपल्याला नवी नाही. मराठवाड्यात चैत्र-वैशाखात घराचा वरचा भाग हाच खरा राहण्याचा भाग. पूर्वी माळवदावर अंथरुणे पडत, आता स्लॅबवर पडतात. पापड, कुरडया, शेवया, हळद, मिरची, सगळे तिथेच वाळते. फरक एवढाच की माळवद एका घराचे होते आणि गच्ची दहा-वीस कुटुंबांची आहे. बारसे, वाढदिवस, हळद, चौदा एप्रिलच्या आदल्या रात्रीची रोषणाई, असे कार्यक्रमही आता गच्चीवर होतात, कारण मंगल कार्यालयाचे भाडे परवडत नाही. यात वाईट काहीच नाही. मात्र ज्या क्षणी गच्चीवर माणसे जमतात त्या क्षणी ती गच्ची राहत नाही, इमारतीचा आणखी एक मजला होते. आणि त्या मजल्याचा हिशोब इमारत बांधताना कोणी केलेला नसतो. या लेखात मुख्यतः एवढेच सांगावयाचे आहे.

प्रथम एक ठळक उदाहरण घेऊ. मुंबईत लोअर परळ येथे कमला मिल्सच्या आवारात ट्रेड हाऊस नावाची इमारत आहे. तिच्या माथ्यावर 'वन अबव्ह' आणि 'मोजोज बिस्ट्रो' अशी दोन उपाहारगृहे शेजारी शेजारी चालत. २८ डिसेंबर २०१७ ची रात्र उलटून २९ तारीख लागली, त्यानंतर थोड्याच वेळात तिथे आग लागली आणि १४ जण मरण पावले. त्यांत ११ स्त्रिया होत्या. अग्निशमन दलाच्या चौकशीत हुक्क्याच्या निखाऱ्याच्या ठिणग्या पडद्यांवर उडाल्याचे कारण पुढे आले. पण ठिणगीने १४ माणसे मरत नाहीत. वर बांबू, ताडपत्री आणि कापडाचे आच्छादन होते, त्यामुळे आग काही मिनिटांत डोक्यावरून पसरली. अनेक जण घाबरून प्रसाधनगृहात शिरले आणि तिथे धुराने गुदमरले. उघड्या आकाशाखाली बसलेल्या माणसांचा धुराने गुदमरून मृत्यू व्हावा, हे ऐकायला विचित्र वाटते. परंतु आच्छादन घातले की आकाश उघडे राहत नाही आणि बाहेर पडण्याची वाट सापडली नाही की मोकळी गच्चीसुद्धा बंद खोली होते.

आता हिशोबाकडे वळू. भारतीय मानक संस्थेने काढलेल्या राष्ट्रीय इमारत संहितेत (२०१६) आगीच्या वेळी एका मजल्यावर किती माणसे धरावीत याचे कोष्टक दिलेले आहे. राहत्या इमारतीत एका माणसामागे साडेबारा चौरस मीटर जागा धरतात. जेवणावळीसारख्या ठिकाणी दीड चौरस मीटर, तर खुर्च्या मांडून सभा भरते तिथे अवघी ०.६ चौरस मीटर. आपल्या गच्चीचे क्षेत्रफळ २०० चौरस मीटर, म्हणजे सुमारे २१५० चौरस फूट आहे असे समजा. तेवढ्याच जागेचा राहता मजला असता तर १६ माणसे धरली असती. तिथे पंगत बसली तर १३३ आणि खुर्च्या मांडून कार्यक्रम केला तर ३३३. जागा तीच, जिना तोच. माणसे मात्र वीसपट.

त्याच संहितेत जिन्याचा हिशोब दर माणशी १० मिलिमीटर रुंदी असा आहे. म्हणजे एक मीटर रुंदीचा जिना एका मजल्यावरच्या शंभर माणसांना पुरतो, सव्वा मीटरचा सव्वाशेंना. ३३३ माणसांना सव्वातीन मीटरहून अधिक रुंदी लागेल. आपल्या इमारतींत एवढा जिना कुठून असणार? संहितेप्रमाणे १५ मीटर व त्याहून उंच इमारतीला, तसेच एका मजल्याचे क्षेत्र ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त असल्यास निदान दोन जिने हवेत. आपल्याकडच्या बहुतेक इमारती या मर्यादेच्या आत बसतात म्हणून एका जिन्यावर भागते. राहण्यासाठी ते भागते, समारंभासाठी नाही. तेव्हा कार्यक्रमाला किती माणसे बोलवायची हे गच्चीच्या आकारावरून ठरवू नये. जिन्याची रुंदी टेपने मोजावी, तीही सगळ्यांत अरुंद जागी. दरवाजाची एकच झडप उघडत असेल तर जिना कितीही रुंद असला तरी दाराची अर्धी रुंदी हीच खरी रुंदी.

हे दाराचे प्रकरण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. काही वर्षांपूर्वी एका परिचिताकडे बारशाला गेलो होतो. चार मजले चढून वर पोहोचलो तर शेवटच्या वळणावर दोन जुने कूलर, लाकडी फळ्या आणि एक मोडकी सायकल. दाराची एक झडप वरच्या-खालच्या खिट्ट्यांनी बंद आणि खिट्ट्या गंजून बसलेल्या. वर दीडशे माणसे जेवत होती आणि आचाऱ्याची भट्टी नेमकी दाराशेजारी होती, कारण तिथे वारा लागत नव्हता. मीही पंगतीत बसलो, जेवलो आणि काही न बोलता खाली आलो. त्या दिवशी काही झाले नाही.

एरवी गच्चीला कुलूप असते. कुलपामागची कारणे खरी आहेत, ती उडवून लावण्यात अर्थ नाही. टाकीजवळ मुले जातात, चोरी होते, रात्री टोळकी बसतात. पण त्याचा परिणाम काय होतो ते कोलकात्याने पाहिले आहे. २३ मार्च २०१० रोजी तेथील पार्क स्ट्रीटवरील स्टीफन कोर्ट या जुन्या इमारतीला आग लागली आणि ४३ जण दगावले. जीव वाचविण्यासाठी वर धावलेल्या काही जणांना गच्चीचे दार कुलूपबंद सापडले आणि ते जिन्यातच मरण पावले.

जिन्याच्या माथ्यावरच असे का व्हावे? धूर गरम असतो, म्हणून वर चढतो. जिन्याचा उभा पोकळ भाग त्याला धुराड्यासारखा मिळतो. माथ्यावरचे दार बंद असेल तर धूर तिथे साठतो आणि मग खाली खाली भरत येतो. म्हणजे आग तळमजल्यावर असली तरी धुराने सर्वांत आधी भरणारी जागा ही जिन्याचे शेवटचे वळण असते, आणि माणूस घाबरला की तिकडेच धावतो. ज्योत त्याच्यापर्यंत पोहोचण्याची गरज नसते. धुरातील कार्बन मोनॉक्साइडला रंग-वास नसतो आणि थोड्याच वेळात शुद्ध हरपते.

संहितेचा नियम स्पष्ट आहे : बाहेर पडण्याचे दार आतल्या बाजूने किल्लीशिवाय उघडता आले पाहिजे. याचा अर्थ दार सताड उघडे ठेवा असा नव्हे. जिन्याच्या बाजूने साधी कडी किंवा ढकलताच उघडणारा दांडा बसवावा. दार उघडले की घंटा वाजेल अशी सोय केली तर टोळक्यांचाही बंदोबस्त होतो. लहान मुलांसाठी कडी उंचावर लावता येते. दार उघडताना गच्चीच्या दिशेने उघडले पाहिजे. एक अडचण मात्र राहते. गच्चीवर माणसे जमलेली असताना त्यांची सुटकेची वाट खालच्या दिशेने असते. अशा वेळी दाराच्या दोन्ही झडपा उघडून अडकवून ठेवाव्यात आणि तिथे एका जबाबदार माणसाला उभे करावे.

धुराची ताकद किती असते हे गोरेगाव पश्चिम येथे ६ ऑक्टोबर २०२३ च्या पहाटे दिसले. झोपडपट्टी पुनर्वसन योजनेतील सात मजली इमारत, म्हणजे राहणारे आपल्यासारखेच कष्टकरी लोक. आग तळाशी, वाहने आणि कापडाच्या चिंध्या ठेवल्या होत्या तिथे लागली. निदान सात माणसे मेली आणि कित्येक जण धुराने अत्यवस्थ झाले. वेगवेगळ्या मजल्यांवरून आणि गच्चीवरून माणसे सोडवावी लागली. आपल्याकडेही जिन्याखालची जागा म्हणजे मोटारसायकली, जुनी गादी, मीटरचे खोके आणि आता चार्जिंगला लावलेल्या विजेच्या स्कूटी. गच्चीची सुरक्षितता या जिन्याखालच्या जागेपासून सुरू होते.

मग आग लागल्यावर वर जावे की खाली? जिना स्वच्छ असेल तर खालीच जावे. जिन्यात धूर असेल तर त्यात शिरू नये, वरही नाही. आपल्या घराचे दार लावून फटींत ओले कापड कोंबावे, रस्त्याकडच्या खिडकीत उभे राहून लक्ष वेधावे आणि १०१ किंवा ११२ ला कळवावे. गच्ची हा आसरा तेव्हाच, जेव्हा तिथपर्यंतचा जिना मोकळा आहे आणि दार उघडे आहे हे नक्की ठाऊक आहे. आधीच गच्चीवर असाल आणि जिना धुराने भरला तर दार लोटून घ्यावे, पण कडी घालू नये, कारण मागून कोणी येत असेल. मग जिन्यापासून लांब, वाऱ्याच्या दिशेला जाऊन कठड्याच्या आत बसावे. कठडा एक मीटरपेक्षा कमी उंचीचा नसावा. गर्दी रेटली की ठेंगणा कठडा आगीइतकाच घातक. जुन्या पेठांतली माळवदे एकमेकांना लागून असत आणि माणसे या घरावरून त्या घरावर जात. नव्या इमारतींनी ती सोय घालविली.

मांडवाविषयी थोडे. ताडपत्री, थर्माकोल, प्लॅस्टिकची फुले, हिरवी जाळी, कृत्रिम गवत हे सर्व झटकन पेटते आणि वितळून थेंब थेंब अंगावर पडते. गच्चीवर वारा असतो, तो आगीला साहाय्य करतो. सुती कापड, तेही फक्त एका भागावर, एवढे पुरे. स्वयंपाक खाली करावा. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, हे आपल्या भगिनींनाही सांगितले पाहिजे. गळती झाली तर तो उडून जात नाही. कठड्याच्या आत साठतो आणि पाण्यासारखा जिन्यातून खाली उतरतो.

विद्यार्थी मित्रांसाठी सुरतेची घटना मुद्दाम सांगतो. २४ मे २०१९ रोजी तेथील तक्षशिला आर्केडमध्ये २२ विद्यार्थी मृत्युमुखी पडले. त्यांचा वर्ग इमारतीच्या माथ्यावर शेड उभारून तयार केलेल्या जागेत भरत असे. खाली लागलेली आग वर चढली, लाकडी जिना जळाला आणि मुलांनी उड्या टाकल्या. लातूर-नांदेडला शिकवणीचे वर्ग, अभ्यासिका, खोल्या शोधताना आपण भाडे आणि अंतर विचारतो. पत्र्याच्या शेडमधली अभ्यासिका स्वस्त पडते. तिथे नाव घालण्यापूर्वी दिवे गेल्यासारखे डोळे मिटून जिना उतरून पाहा. वाटेत काय पायाला लागते ते कळेल.

कायद्याची बाजू थोडक्यात. 'महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६' हा २००८ पासून अमलात आहे. ज्या इमारतींना तो लागू होतो तिथे यंत्रणा बसवून ती चालू स्थितीत ठेवण्याची जबाबदारी मालकाची किंवा भोगवटादाराची, म्हणजे गृहनिर्माण संस्था असेल तर संस्थेची आहे. परवानाधारक संस्थेकडून तपासणी करून दरवर्षी जानेवारी व जुलैमध्ये 'ब' नमुन्यातील प्रमाणपत्र द्यावयाचे असते. मुंबई-पुण्यात राहणाऱ्या सभासदांनी आपल्या सचिवांना शेवटचा नमुना दाखवा म्हणून विचारावे. उंच इमारतींत गच्चीवरच्या टाकीत आगीसाठी वेगळे पाणी राखून ठेवावे लागते. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, अशा आपल्या मुलखात त्या राखीव पाण्यावर डोळा जाणे स्वाभाविक आहे. त्यासाठी रोजच्या वापराची नळी टाकीच्या तळाला न जोडता वरच्या पातळीवर जोडतात, म्हणजे खालचे पाणी आपोआप शिल्लक राहते.

आपल्या लहान इमारतींना यांतले पुष्कळसे नियम लागू होणार नाहीत. परंतु मोठे अग्निशमन दल सुमारे वीस किलोमीटरवर नांदेडला आहे. गाडी येईपर्यंत आपल्या हाती जिना, दार आणि शेजारी एवढेच असते. त्या बारशाच्या घरी मी पुढे पुन्हा गेलो, तेव्हा न राहवून परिचितांना कूलरचे बोललो. त्यांनी संस्थेच्या बैठकीत विषय काढला. कूलर भंगारात गेले, खिट्ट्यांना तेल पडले, भट्टीची जागा खाली अंगणात ठरली. सायकल मात्र कोणाची आहे हे अजून ठरलेले नाही, त्यामुळे ती तिथेच आहे.