पावसाचा निवाडा वरच्या दोन इंचांत

नगर तालुक्यातल्या हिवरे बाजारवर वर्षाला जेमतेम 400 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. एक हेक्टर रानावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा हजार लिटर पाणी. गावाचं क्षेत्र साधारण 976 हेक्टर, म्हणजे वर्षाकाठी जवळपास 390 कोटी लिटर पाणी आभाळातून येतं. 1972च्या दुष्काळानंतर गाव उजाड होत गेलं, लोक मजुरीसाठी बाहेर पडले, तेव्हाही वरून येणारं पाणी साधारण एवढंच होतं. मात्र त्यातलं बरंचसं चार-दोन जोरदार सरींतच ओढ्याला लागत होतं. पुढे गाव सावरलं, त्याचं श्रेय चरांना आणि बंधाऱ्यांना दिलं जातं. ते खरंच आहे, पण अपुरं आहे. पाऊस मुरणार की वाहणार, याचा निवाडा बंधाऱ्याच्या कितीतरी आधी, मातीच्या वरच्या दोन इंचांत होतो. आणि ते दोन इंच कसे राहतात, हे आपण जमीन कशी वापरतो त्यावर ठरतं.

थेंब पडतो तेव्हा

वळवाच्या पावसाचा टपोरा थेंब ताशी तीस किलोमीटरच्या वेगाने जमिनीवर आदळतो. माळ उघडा असेल तर ढेकळं फुटतात, बारीक माती उडते आणि पुन्हा खाली बसताना जमिनीची छिद्रं बुजवते. काही मिनिटांत मिलिमीटरभर जाडीचा पापुद्रा तयार होतो आणि वरचं पाणी वाहू लागतं. अशा सरीनंतर रानात जाऊन पाहावं. ओघळ गढूळ होऊन वाहत असतो आणि खुरप्याने चार बोटं माती उकरली, तर खाली कोरडी ठणठणीत. जनावरांच्या रोजच्या वाटेवर तर खुरांनी माती आधीच चेपलेली असते, तिथे थेंबाला फारसं काही करावंच लागत नाही.

त्याच माळावर पवना किंवा मारवेलचं गवत दाट असेल, तर थेंबाचा जोर पात्यांवरच मोडतो. खाली मुळं कुजून नळ्या राहतात, मुंग्या, वाळवी आणि गांडुळं बिळं करतात. या मोठ्या छिद्रांचं महत्त्व भौतिकशास्त्राचा एक नियम सांगतो: नळीची त्रिज्या दुप्पट झाली, तर इतर सारं सारखं असताना तिच्यातून जाणारं पाणी सोळापट होतं. म्हणून गवताच्या बुंध्यापाशी असलेली मोजकी बिळं हजारो सूक्ष्म छिद्रांवर मात करतात.

हे मोजण्याची रीत साधी आहे. लोखंडाची दोन कडी एकात एक अशी जमिनीत ठोकायची, दोन्हींत पाणी भरायचं आणि आतल्या कड्यातली पातळी किती उतरली, हे पट्टीने ठरावीक वेळाने पाहायचं. बाहेरच्या कड्यातलं पाणी आजूबाजूला पसरतं, त्यामुळे आतलं बरंचसं सरळ खाली जातं. सुरुवातीला पातळी झपाट्याने उतरते, मग मंदावते आणि शेवटी एका संथ वेगावर स्थिरावते. अमेरिकन जलशास्त्रज्ञ रॉबर्ट हॉर्टन यांनी 1930च्या दशकात हा उतरता आलेख मांडला.

काळ्या रानाची गोष्ट वेगळी

अहिल्यानगर जिल्ह्यात माळाचा मुरूम आहे, तशी नद्यांच्या काठची भारी काळी जमीनही आहे. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्यामुळे पहिला पाऊस ती भराभरा पिऊन घेते. मग तिच्यातली चिकणमाती फुगते आणि भेगा मिटतात. हैदराबादजवळ पाटणचेरूच्या इक्रिसॅट संस्थेत अशा जमिनीवर घेतलेल्या मोजणीत पहिल्या अर्ध्या तासात ताशी 76 मिलिमीटर वेगाने पाणी मुरलं. दुसऱ्या तासात तो वेग ताशी 4 मिलिमीटरवर आला.

रब्बी ज्वारीच्या पट्ट्यात हे रान पावसाळाभर मोकळं राहतं आणि ऑगस्ट-सप्टेंबरचा मोठा पाऊस उघड्या मातीवरच झेलतं. इथे पाण्याला थांबायला वेळ देणं हाच उपाय. उताराला आडवी मशागत, बंदिस्त वाफे, रुंद वरंबा-सरी यांतून पाणी जागच्या जागी अडतं आणि पेरणीला ओल शिल्लक राहते. वर्षानुवर्षं एकाच खोलीवर रोटाव्हेटर चालवला, तर उलटा परिणाम होतो. वर माती भुसभुशीत दिसते, पण तिच्याखाली कडक थर तयार होतो.

मुरलेलं सगळं विहिरीत येत नाही

मातीत शिरलेलं पाणी आधी मातीची तहान भागवतं, मग मुळांची. उरलेलं खडकाकडे जातं. आपला खडक बेसाल्ट. भूजलाच्या सरकारी अंदाजपद्धतीत झिजलेल्या बेसाल्टसाठी पावसाच्या सुमारे 7 टक्के आणि सच्छिद्र, सांधे असलेल्या बेसाल्टसाठी सुमारे 13 टक्के पुनर्भरण धरतात. म्हणजे 400 मिलिमीटर पावसातले 28 ते 52 मिलिमीटर. एवढ्या तुटपुंज्या शिलकीवर उसाला पाणी द्यायचं म्हटलं, तर कितीही चर खणले तरी हिशेब जुळणार नाही.

हिवरे बाजारने ही दुसरी बाजूही धरली. चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदीने डोंगर झाकला. गवत कापून न्यायचं, जनावरं मोकळी सोडायची नाहीत, असा दंडक घातला. त्याचबरोबर शेतीसाठी बोअर घ्यायची नाही, ऊस लावायचा नाही हेही ठरवलं आणि त्या वर्षीच्या पावसाचा ताळेबंद मांडून पिकं ठरवण्याची शिस्त लावली. याउलट विहिरीतलं पाणी उपसून प्लास्टिक अंथरलेल्या शेततळ्यात साठवलं, की तेवढी जागा मुरवणीतून बाद होते आणि जमिनीखाली सुरक्षित असलेलं पाणी उन्हात वाफ होऊन जायला मोकळं होतं.

प्रश्न तंत्रज्ञानाइतकाच न्यायाचाही आहे. माथ्यावर चराई थांबली, तर विहीर भरते पायथ्याच्या शेतकऱ्याची आणि चारा तुटतो तो शेळ्या-मेंढ्यांवर जगणाऱ्या घराचा, ज्याच्याकडे बहुधा विहीरही नसते. संगमनेर तालुक्यातल्या दरेवाडीसारख्या पाणलोट कामांत ही ओढाताण झाली. म्हणून माळ एकदम बंद न करता टप्प्याटप्प्याने बंद करावा, गवत कापण्याचा पहिला हक्क पशुपालकांना द्यावा आणि वाढलेल्या पाण्यात त्यांचा वाटा आधीच ठरवावा. नाला खोल करायला जेसीबी दोन दिवसांत मिळतो. माथ्यावरचं गवत टिकवायला मात्र ग्रामसभेत सगळ्यांची संमती लागते, आणि कामाची सुरुवात तिथूनच व्हायला हवी.